मऊ सेट की तिखट सेट

विलास दातारच्या गिटारचा आवाज गेला तो दोन हजार पाचच्या दिवाळीच्या आगेमागे. एका दिवसात गेला असता तर परवडलं असतं. माणूस हादरतो, चार ठिकाणी चौकशी करतो. हा गेला हळूहळू, उन्हात वाळत घातलेल्या कपड्याचा रंग उडावा तसा. विलासनं आधी तारा बदलल्या. मग ॲम्पला जोडायची वायर बदलली. मग ॲम्प उघडून आतला स्पीकरच बदलला. तरी गिटार आपली गोधडीत तोंड खुपसून बोलतेय. शेवटी मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ती मांडीवर उताणी ठेवून त्यानं निकाल दिला, की हिचे पिकअप गेले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चहा टाकू का म्हटलं."

ज्यांचा गिटारशी संबंध लग्नाच्या ऑर्केस्ट्रापुरता, त्यांना हे सांगायला हवं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली वीज थरथरते आणि ॲम्प तिचा आवाज करतो. विलासच्या गिटारला हंबकर होते, म्हणजे जोडीनं बसवलेली वेटोळी, एक सुलट आणि एक उलट. घरातल्या विजेची जी घूं-घूं असते ती एकमेकांत जिरते आणि नुसता तारेचा आवाज उरतो. गिटार जपानी. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना, मायदेशी परतणाऱ्या एका इराणी विद्यार्थ्याकडून घेतलेली. तेवीस वर्षं वाजवल्यावर पिकअप मरतात का? सहसा नाही मरत. पण विलासला इंटरनेटवर चार माणसं भेटली ज्यांचे मेले होते, आणि आपल्याला हवं तेच ऐकायचं असेल तर चार माणसं खूप झाली.

त्याला घाईही होती. नोएडातलं मराठी मंडळ दर वर्षी महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम करायचं. त्यात श्रीखंड-पुरी असायची, अध्यक्षांचं भाषण असायचं, आणि दातारांचा आयटम असायचा. बाप इलेक्ट्रिक गिटारवर आणि लेक शिवांगी गाणार. ती नऊ वर्षांची असल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. गाणं दर वर्षी नवं, शब्द वृंदाचे, चाल विलासची. यंदा शिवांगी सतरा वर्षांची होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आणि जूनमध्ये पुण्याला कॉलेजला निघालेली. म्हणजे पुढच्या वर्षीचा काही भरवसा नाही.

आणि खरं सांगायचं तर बापलेकीत आता तेवढंच उरलं होतं. वर्षभर दोघांचं धड जमत नव्हतं. ती म्हणायची, बाबा सारखा ओरडतो. तो म्हणायचा, ही पुटपुटते. "तोंडात गुळणी धरल्यासारखं काय बोलतेस? नीट बोल!" हे वाक्य त्या घरात दिवसातून पाचदा तरी व्हायचं. पोरगी जन्मली दिल्लीत, वाढली नोएडात, मराठी तिची तशीही अर्धी हिंदीच. विलासला वाटायचं, भाषा गेली, आता उच्चारही गेले. हळूहळू तिनं बोलणंच कमी केलं. फोनवर मैत्रिणींशी मात्र खिदळायची. फक्त एप्रिल लागला की ती आपण होऊन त्याच्या खोलीत यायची, पलंगावर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "चलो बाबा, या वर्षीची चाल ऐकव." त्या चार आठवड्यांसाठी विलास उरलेले अठ्ठेचाळीस काढत होता.

त्याची नोकरी सेक्टर बासष्टमध्ये. काचेची एक नवी बिल्डिंग, वर सातही मजल्यांवर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारी पोरंपोरी, आणि खाली तळघरात चार डिझेल जनरेटर. कार्डावर भलंमोठं इंग्रजी पद छापलेलं असलं तरी काम त्या चार धुडांना सांभाळण्याचं. नोएडात काच आली, लिफ्ट आली, कॉफीची मशिनं आली, वीज तेवढी यायची राहिली. दिवसातले सात-सात तास सगळा डोलारा त्या तळघरावर चालायचा. आणि विलासची ख्याती अशी, की कुठल्या जनरेटरचं काय दुखतंय हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो.

तर पिकअप. विलासचा कॉलेजमधला दोस्त हरीश अमेरिकेत असतो. तो एप्रिलच्या सुरुवातीला तीन आठवड्यांसाठी गुडगावला भावाकडे आला, तो दोन डबे घेऊनच. तिथल्या दुकानांची रीत अशी, की दोन्ही न्या, लावून बघा, नको तो परत करा. हरीशचं परतीचं विमान अठ्ठावीस तारखेला. तोवर विलासनं एक ठेवायचा आणि एक त्याच्या हाती परत द्यायचा.

पहिल्या डब्यातले पिकअप निकेलच्या चकचकीत टोपणाखाली झाकलेले, जुन्या धाटणीचे, सौम्य चुंबकाचे. दुसऱ्यातले काळे, उघडे, सिरॅमिक चुंबकाचे, जोरकस. विलासनं पहिल्याला मऊ सेट म्हटलं, दुसऱ्याला तिखट. मऊ सेटबद्दल इंटरनेटवरची यच्चयावत माणसं एकमुखानं सांगत होती, की गाण्याच्या साथीला हाच, डोळे मिटून घ्या. विलासनं शनिवारी सोल्डरिंग गन गरम केली, जुने पिकअप काढले, मऊ सेट बसवला, ॲम्प लावला आणि तार छेडली.

गोधडी. तीच गोधडी.

तो तासभर बटणं फिरवत बसला. पिकअप वर-खाली करून बघितले. छे! रविवारी त्यानं तो सेट उपसून काढला आणि तिखट बसवला. पहिली तार छेडली मात्र, आणि विलास दातार खुर्चीवरून उठून उभा राहिला. हा आवाज! तारेवर नखी घासल्याची ती बारीक किनार त्याला कित्येक महिन्यांनी ऐकू आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं झालं. त्यानं जोरात हाक मारली, "शिवांगी! अगं ये, ये, हे ऐक!"

ती आली. तो वाजवायला लागला आणि तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"बाबा, प्लीज! दातात कळ जातेय."

"काय?"

ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेस? नीट बोल!"

"टोचतंय!" ती किंचाळली. "सुई घातल्यासारखं टोचतंय! यावर मी नाही गाऊ शकणार. आधीचं छान होतं ना, कालचं. कितना सॉफ्ट था. ते का काढलंस?"

"कालचं छान होतं? कालचं मेलेलं होतं! तुला कान आहेत की भोकं?"

बोलून गेला. वृंदा दारात येऊन उभी राहिली होती, तिनं कपाळावर हात मारला. शिवांगी काही पुटपुटत निघून गेली, आणि विलास तिच्या पाठीवर ओरडला, की पुटपुटू नकोस. पुढचे तीन दिवस ती त्याच्या खोलीत फिरकली नाही. एप्रिल महिना आणि पोरगी खोलीत नाही, असं आजवर झालं नव्हतं.

तेव्हा विलासनं ठरवलं, की मऊ सेट मुळातच सदोष आहे. दुकानानं खराब माल दिला. हे एकदा सिद्ध करू, हरीशच्या हातून बदलून मागवू, आणि चांगला आल्यावर पोरीलाही कळेल की बाप उगाच ओरडत नव्हता. सिद्ध करायला यंत्र हवं, आणि यंत्र होतं अंबादासकडे.

अंबादास खिल्लारे जिंतूरकडचा. कलेक्टर व्हायला म्हणून दिल्लीत मुखर्जीनगरला आला, चार वेळा परीक्षेला बसला, एकदा मुलाखतीपर्यंत पोचला आणि तिथून परत फिरला. फिरला तो जिंतूरला मात्र गेला नाही. कोचिंग क्लासवाल्यांचे माइक आणि स्पीकर दुरुस्त करता करता तिथल्याच एका गल्लीत त्यानं दुकान टाकलं. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला प्लायवूडच्या भिंतीपलीकडे अभ्यासिका. विलासचा ॲम्प दोनदा त्यानंच जिवंत केलेला. बुधवारी विलास हाफ डे टाकून, मऊ सेटचा डबा आणि तिखट सेट बसवलेली गिटार गाडीत घालून, हिंदूरावच्या टेकडीला वळसा घालून तिथे पोचला.

"साहेब, सेट तर ओके आहे," मीटर लावून अंबादास म्हणाला. "वेढे पूर्ण आहेत. चुंबकबी ठीक आहे."

"मीटरला काय कळतं? आवाज मेलाय त्याचा. वरचा आवाज येतच नाही."

"मग वरचा आवाज बघू."

अंबादासनं मऊ सेटजवळ एक छोटी कॉइल ठेवली. तिला ऑसिलेटर जोडला, म्हणजे हवी ती शिट्टी वाजवणारं यंत्र. पिकअप एका स्पीकरला जोडला आणि सोबत पडद्यालाही, ज्यावर आवाजाची हिरवी रेघ नाचते. गोल बटण फिरवलं की शिट्टी बारीक बारीक होत जाते. त्यानं पाचशे हर्ट्झवर सुरू केलं. जाड, गुबगुबीत शिट्टी. हजार. दोन हजार. विलास मान डोलवत होता. तीन हजारांवर शिट्टी अशक्त झाली. साडेतीनला गेली.

"बघा!" विलासनं टेबलावर थाप मारली. "मेला की नाही? इथेच मरतो. साडेतीनला!"

अंबादासनं बटण आणखी फिरवलं. हिरवी रेघ नाचत होती, मघाएवढीच उंच. त्याच्या भुवया एकमेकींना टेकल्या होत्या, माणूस ऊस खाताना दाढ दुखली तर करतो तशा.

"बंद केलंत का?" विलासनं विचारलं.

"नाही, साहेब. चालू आहे."

"स्पीकरची वायर निघाली असेल."

तेवढ्यात पलीकडून प्लायवूडवर धडाधड थापा पडल्या. अभ्यासिकेतलं कोणीतरी जाड्याभरड्या आवाजात ओरडत होतं, "अरे भैया, ये सीटी बंद करो यार! सिर फट रहा है! इधर लोग पढ़ रहे हैं!"

थापा विलासला ऐकू आल्या. आवाजही आला. शिट्टी आली नाही.

त्यानं स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान लावला. अंबादासनं हात पुढे करून बटण शून्यावर आणलं आणि पलीकडची ओरड थांबली.

"पुन्हा लाव," विलास म्हणाला.

"साहेब..."

"लाव रे!"

पुन्हा लावलं. मग तिखट सेट लावून तेच केलं. तिखट सेटवर तीन हजारांपर्यंत शिट्टी खणखणीत होती, आणि साडेतीनच्या पुढे तोच शुकशुकाट. दोन्हीकडे रेघ नाचतेय, दोन्हीकडे विलासला काही नाही. अंबादासला समजावून सांगायची हौस नव्हती, पण सांगावं लागलं. तिखट सेट तीन हजारांच्या आसपास मुद्दाम जोर देतो. तुमच्या कानात तेवढंच उरलंय, म्हणून तुम्हाला तो जिवंत वाटतो. ज्यांचे कान शाबूत आहेत, त्यांना वरचंही सगळं तेवढ्याच जोरानं लागतं. टोचणारच.

"तळघरात कानाला काही लावता का?" त्यानं विचारलं.

लावत नव्हता. कंपनीनं लाल रंगाचे जाड इअरमफ दिले होते. हाताखालची सगळी माणसं लावायची. विलासचे खिळ्याला टांगलेले असायचे. कान झाकून जनरेटरचं दुखणं कसं कळणार? कुठला सिलिंडर चुकतोय, कुठलं बेअरिंग रडतंय, हे ऐकायला तो उघड्या कानांनी चारही यंत्रांच्या मधोमध उभा राहायचा, डोळे मिटून, मैफिलीत बसल्यासारखा. आधीच्या दोन कारखान्यांत धरून चौदा वर्षं. आपण गिटारवाले, आपला कान तयार आहे, याची कोण मिजास होती त्याला! त्या मिजाशीनंच कान खाल्ले.

"घरी सांगून टाका, साहेब," अंबादास वायरी गुंडाळत म्हणाला. "मी नव्हतं सांगितलं. चौथ्यांदा परीक्षा गेली, त्यानंतर दोन वर्षं बाप फोनवर विचारायचा, अभ्यास कसा चाललाय. मी म्हणायचो, चाललाय. बाप वारला तेव्हाबी त्याच्या लेखी मी अभ्यासच करत होतो. आता कुणाला सांगू?"

"कार्यक्रम झाला की सांगतो," विलास म्हणाला.

"बघा बुवा."

गुरुवारी तो सेक्टर सत्तावीसमधल्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून, कानात यंत्र घालून त्यांनी एक कागद काढला. त्यावरची रेघ मधोमध येईपर्यंत सरळ होती आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही, आणि अजून जाईल. "पहले बारीक आवाज़ें जाती हैं. औरतों की, बच्चों की. आधे अक्षर कट जाते हैं. लगता है सामनेवाला मुँह में बोल रहा है." यंत्र लावून बोलणं थोडंफार कळेल, गाण्याबजावण्याचं काही सांगता येत नाही, असंही म्हणाले. विलासला त्यातलं एकच वाक्य लागलं.

गाडीत येऊन तो बसला आणि त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. पोरगी पुटपुटत नव्हती. वर्षभर ती चांगली स्वच्छ बोलत होती, आणि वर्षभर तो तिच्यावर ओरडत होता. कान आहेत की भोकं! कुणाला म्हणालो आपण हे? त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पार्किंगवाल्यानं काचेवर टकटक केली तेव्हा त्यानं डोळे पुसले आणि गाडी काढली.

आता तुम्ही म्हणाल, तडक घरी जायचं आणि सांगून टाकायचं. अहो, सांगायचंच ना! पण भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. आत्ता सांगितलं तर पोरगी रडेल, रडली तर गाणार नाही, आणि हे शेवटचं गाणं. कंपनीत कळलं तर ज्या कानासाठी ठेवलंय तोच नाही म्हटल्यावर ठेवतील कशाला? शिवाय वृंदा म्हणेल, मी कधीपासून सांगत होते. प्रत्येक कारण खरं होतं. सगळी मिळून एक पळवाट होती, आणि तो पळाला.

उरला प्रश्न सेटचा. हरीश पुढच्या गुरुवारी संध्याकाळी यायचा होता. त्या आठवड्यात विलासनं दोन्ही सेट दोनदा बदलून बघितले, कोणी घरात नसताना. तिखट सेट लावला की गिटार त्याच्याशी बोलायची. अजून वर्ष, दोन वर्षं, जेवढं काय कानात शिल्लक आहे तेवढे दिवस बोलली असती. मऊ सेट लावला की बोलणं बंद, नुसती हाताला थरथर. तिखट म्हणजे त्याचा, मऊ म्हणजे सगळ्या जगाचा. निवडायचं काय त्यात? कोणीही आपलं ते घेईल. बुधवारी दुपारी त्यानं तिखट सेटवर दीड तास वाजवलं. जुनं सगळं वाजवलं, कॉलेजातलं, लग्नाआधीचं, शिवांगी पाळण्यात असतानाचं. मग सोल्डरिंग गन गरम केली, सेट काढला, तारांची टोकं पुसून स्वच्छ केली आणि डब्यात घालून चिकटपट्टी लावली.

"अरे, तुला तर हाच आवडला होता ना?" हरीशनं डबा घेताना विचारलं.

"शिवांगीला टोचतो."

"पोरीसाठी सोडलास? ग्रेट आहेस हं."

विलास हसला. हरीश गेल्यावर त्यानं शिवांगीच्या दारावर टकटक केली आणि म्हणाला, "सॉफ्टवाला बसवलाय. येतेस?" ती आली. मांडी घालून बसली. दोन-तीन दिवसच हातात होते, पण गाणं बसलं. ते सोपं नव्हतं. गिटार त्याला जवळपास ऐकू येत नव्हती आणि तिचा आवाज वर चढला की नाहीसा व्हायचा. तो तिच्या गळ्याकडे बघायचा, श्वास घेताना खांदे उचलले जायचे त्याकडे बघायचा आणि बोटांना ठाऊक होतं ते बोटांना करू द्यायचा. ती काही म्हणाली की तो तीनांपैकी एक उत्तर द्यायचा, "हो", "बरं" किंवा "बघू". बहुतेक वेळा जमून जायचं. "काय?" म्हणायचं नाही, एवढा त्यानं कानाला खडा लावला होता.

तीस एप्रिलला, रविवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. दातारांचा आयटम सातवा. विलासला आपल्या साथीतलं ऐकू आलं ते फक्त जाड तारांचं. पण शेवटी लोक उभे राहिले. अध्यक्षांच्या पत्नी पदर डोळ्यांना लावून पुढे आल्या आणि म्हणाल्या, इतका गोड आवाज दातारांच्या गिटारचा कधी आला नव्हता. शिवांगीनं स्टेजवर सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. वर्षात पहिल्यांदा.

कार्यक्रम संपता संपता वीज गेली. शाळेचा जनरेटर नेमका पार्किंगच्या कडेला. तो घरघरायला लागला. विलास डिकीत ॲम्प ठेवत होता आणि शिवांगी शेजारी उभी राहून वायर गुंडाळत होती. वृंदा गिटार घेऊन पलीकडे उभी होती. मान खाली घालून ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. शेवटी मान वर करून त्याच्याकडे बघायला लागली, म्हणजे प्रश्न होता.

तीन उत्तरं होती. त्यातलं बेताचं ते त्यानं निवडलं.

"बघू," विलास म्हणाला.

तिनं वायर डिकीत ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी मुख्य रस्त्याला लागली, सिग्नलला थांबली, तेव्हा वृंदा त्याच्याकडे पूर्ण वळून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "तू काय माणूस आहेस रे? पोरीनं इतकं मनापासून विचारलं. म्हणाली, मी पुण्याला गेले तरी दर वर्षी महाराष्ट्र दिनाला येईन, तू वाजवशील ना माझ्याबरोबर? आणि तू काय म्हणतोस, तर बघू?"

एवढं जवळून बोलली, की त्याला शब्दन् शब्द कळला. सिग्नल सुटला. विलासनं गाडी पुढे घेतली आणि कडेला लावली. कार्यक्रम झाला की सांगतो म्हणाला होता ना? झाला होता कार्यक्रम. त्यानं इंजिन बंद केलं आणि सीटवरून पूर्ण मागे वळला.

"शिवांगी," तो म्हणाला, "मघाशी तू बोललीस ते मला ऐकूच आलं नाही. मला ऐकू येत नाही!"

आपला आवाज केवढा निघतोय याचा अंदाज त्याला आता राहिला नव्हता. तिला तो रोजचाच ओरडा वाटला आणि ती मागे दचकून सरकली. कडेला गाडा लावलेला शिकंजीवाला हातातलं लिंबू तसंच धरून गाडीत डोकावायला लागला.

शिवांगीनं ओढणीनं नाक पुसलं. मग ती ताठ बसली आणि एकेक शब्द सुटा करून, शाळेत बाईंसमोर उभं राहून बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "सॉरी, बाबा. मी नीट बोलत नाही. मी सुधारीन."

"अरे, निदान आजच्या दिवशी तरी नको ना ओरडूस तिच्यावर!" वृंदा म्हणाली.

"मी ओरडत नाहीये!" विलास म्हणाला.

शिवांगीनं हात लांब करून आपल्या बाजूची काच वर केली, शिकंजीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. विलासनं सांगायचं पुन्हा पुढे ढकललं आणि गाडी सुरू केली.

सात जूनला ती पुण्याला गेली. तोवरचे पाच आठवडे ती बापाशी अगदी सावकाश, मोठ्यानं आणि कामापुरतंच बोलायची, आणि विलासला ते सगळं नीट ऐकू यायचं.